मिनिट्सची पाळी कोणाची? इंजिनीअरिंग मॅनेजर आणि टीम लीड मंडळींना खुलं पत्र

स. न. वि. वि.

गोष्ट वर्षभरापूर्वीची. आमच्या सॉफ्टवेअरमधल्या एका मोठ्या भागाचं, म्हणजे मॉड्यूलचं, डिझाइन नव्याने करायचं म्हणून आम्ही सात जण बसलो होतो. पहिली पाच मिनिटं कुणाचा आवाज येत नाही, कुणाची स्क्रीन दिसत नाही, यात गेली. मग मी टीममधल्या एकीला म्हणाले, "तू जरा मिनिट्स घेशील का?" मिनिट्स म्हणजे मीटिंगमध्ये काय बोललं गेलं, काय ठरलं त्याची टिपणं. ती लगेच हो म्हणाली. तासाभराने लक्षात आलं, की त्या जुन्या मॉड्यूलमधला सगळ्यांत किचकट भाग हिनेच लिहिलेला. तिच्या कोडची यथेच्छ चिरफाड चालली होती आणि ती चिरफाड ती स्वच्छ, मुद्देसूद भाषेत टिपून घेत होती. टाइप करणाऱ्या माणसाला वाद घालता येत नाही. मीटिंग संपल्यावर चौघांनी तिचे आभार मानले, 'नोट्स मस्त झाल्यात' म्हणून. डिझाइनवर तिचं मत कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

मी बाई आहे, वीस वर्षं कोड लिहिते आहे आणि हे मला चांगलं कळायला हवं होतं. म्हणून हे पत्र तुमच्याइतकंच मलाही उद्देशून आहे.

ते तुम्हालाच का लिहिते आहे, कंपनीच्या मालकांना किंवा एचआरला का नाही, तेही सांगते. मोठी धोरणं वर ठरतात. ८ मार्चला पोस्टर लागतात, परिसंवाद होतो, व्यासपीठावर तीन बायका 'सगळं कसं सांभाळता?' या प्रश्नाचं उत्तर देतात आणि पुढच्या सोमवारी सगळे कामाला लागतात. ते सोमवारचं काम तुम्ही वाटता. नवं डिझाइन कोण करणार, रात्री सर्व्हर कोसळला की कुणाला उठवायचं, नव्या पोराला कोण शिकवणार, रिलीजचा तक्ता कोण भरणार, हे सगळं तुमच्या हातात असतं. बायका या क्षेत्रात का टिकत नाहीत, यावर चर्चा रंगते तेव्हा बोट शाळेकडे जातं, घराकडे जातं, मुलींच्या आत्मविश्वासाकडे तर हमखास जातं. कामाच्या वाटणीकडे क्वचितच जातं. माझ्या मते खरी मेख तिथे आहे आणि ती पहिल्या संगणकाइतकी जुनी आहे.

१९४५ साली फिलाडेल्फियात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये एनियॅक नावाचं यंत्र उभं राहत होतं. सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब, खोलीभर कपाटं, आणि ज्यासाठी ते बांधलं ते काम: तोफगोळा कुठे पडेल त्याचं गणित. तोवर ते गणित माणसं करत. त्यात बायका बऱ्याच होत्या आणि त्यांच्या हुद्द्याचं नावच 'कॉम्प्युटर' होतं. एका गोळ्याच्या मार्गाचा हिशेब करायला तीस-चाळीस तास जात. या बायकांतून सहा जणी निवडल्या गेल्या: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिख्टरमन. यंत्र चालवायचं कसं, हे सांगणारं पुस्तक नव्हतं. त्यासाठी प्रोग्रॅमिंगची भाषाही नव्हती. गोपनीयतेच्या नियमांमुळे सुरुवातीला त्यांना यंत्राच्या खोलीतही जाता येत नव्हतं. वायरिंगचे नकाशे पसरून, त्यावरून यंत्र डोक्यात उभं करून त्या शिकल्या. डिबगिंग, म्हणजे चूक शोधून काढणं, शिकल्या तर अशा, की नेमकी कुठली ट्यूब गेली आहे तेही त्या सांगू शकत.

फेब्रुवारी १९४६ मध्ये यंत्राचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. गोळ्याला खरोखर पडायला जेवढा वेळ लागतो, त्याच्याही आधी यंत्राने उत्तर काढलं. लोक थक्क झाले. तो प्रोग्रॅम बेटी स्नायडर आणि बेटी जेनिंग्ज यांनी रात्रीचा दिवस करून उभा केला होता. प्रात्यक्षिकानंतर मेजवानी झाली, तिचं बोलावणं या दोघींना नव्हतं. चाळीसएक वर्षांनी कॅथी क्लाइमन या विद्यार्थिनीने जुन्या फोटोंतल्या या बायका कोण, म्हणून विचारलं, तेव्हा तिला सांगण्यात आलं की यंत्र शोभून दिसावं म्हणून उभ्या केलेल्या मॉडेल असतील.

ही गोष्ट हल्ली बऱ्याच जणांना माहीत असते आणि 'पाहा, किती अन्याय!' म्हणून सांगितली जाते. मला त्यातला वेगळा भाग महत्त्वाचा वाटतो. त्या सहा जणींना ते काम मिळालं, कारण ते हलकं समजलं जात होतं. यंत्र बांधणं म्हणजे इंजिनीअरिंग, ते पुरुषांचं. त्यात तारा खोचून गणित 'बसवणं' म्हणजे कारकुनी, ती बायकांची. ते कारकुनी नाही, तिथेच खरी डोकेफोड आहे, हे उमगायला पुढची काही वर्षं गेली. उमगलं तसे पगार वाढले, हुद्द्यांची नावं बदलली आणि हळूहळू माणसंही बदलली.

ती कशी बदलली, याचा एक नमुना सांगते. १९६० च्या दशकात प्रोग्रॅमर मिळेनात. मग चांगला प्रोग्रॅमर ओळखायचा कसा, याच्या चाचण्या निघाल्या. १९६६ साली कॅनन आणि पेरी या दोन मानसशास्त्रज्ञांनी तेव्हाच्या प्रोग्रॅमरांचा अभ्यास केला. त्यांना दोन गुण ठळक दिसले: या लोकांना कोडी सोडवायला आवडतं आणि या लोकांना माणसं फारशी आवडत नाहीत. तपासलेले बहुतेक पुरुष होते. त्या निष्कर्षांवरून माणसं निवडली गेली, ती निवडलेली माणसं पाहून 'प्रोग्रॅमर असाच असतो' अशी समजूत पक्की झाली आणि त्या समजुतीवर पुढची निवड झाली. माणूसघाणेपणा हा गुणवत्तेचा पुरावा कसा ठरला, याचं कोडं मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून पडलं होतं. ते असं सुटलं.

याच काळात ब्रिटनमध्ये स्टेफनी शर्ली यांनी उलटा डाव टाकला. १९६२ साली त्यांनी फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स ही कंपनी काढली, ती मुलं झाल्यावर नोकरी सुटलेल्या प्रोग्रॅमर बायकांना घरून काम देण्यासाठी. पहिल्या ३०० कर्मचाऱ्यांत २९७ बायका होत्या. स्टेफनी नावाने पाठवलेल्या पत्रांना उत्तरं येत नव्हती. नवऱ्याच्या सुचवण्यावरून त्या 'स्टीव्ह' अशी सही करू लागल्या, तशी येऊ लागली. ग्राहकाचा फोन आला की घरातल्या मुलाचा आवाज झाकायला त्या टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावत. कॉन्कर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग याच कंपनीने केलं. थोडक्यात, अर्धवेळ, घरून आणि मूल सांभाळून गंभीर काम होत नाही, हा दावा साठ वर्षांपूर्वीच निकालात निघालेला आहे. आपण तो दर वर्षी नव्याने ऐकतो.

आता आकडे. अमेरिकेत १९८४ साली कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांत मुली ३७ टक्के होत्या. मग घरोघरी छोटे संगणक आले, ते मुलग्यांचं खेळणं म्हणून विकले गेले, मुलगे कॉलेजात येतानाच कोड लिहीत येऊ लागले आणि पहिल्याच तासाला मुलींना वाटू लागलं की आपल्याला उशीर झाला. पुढच्या पंचवीसेक वर्षांत तो आकडा १८ टक्क्यांच्या आसपास घसरला. त्याच काळात वैद्यक आणि कायद्यात मुली वाढतच होत्या. म्हणजे मुलींचा मेंदू तोच होता. कॉलेजच्या दारावरची पाटी बदलली होती. कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९९० च्या दशकात हे ओळखलं. आधीपासून कोड येतो का, याला प्रवेशाच्या वेळी दिलं जाणारं वजन कमी केलं आणि अनुभवाप्रमाणे सुरुवातीचे वर्ग वेगळे केले. १९९५ साली तिथे नव्याने येणाऱ्यांत ७ टक्के मुली होत्या, २००० साली ४२ टक्के. पाच वर्षांत!

पण कॉलेजं तुमच्या हातात नाहीत. तुमच्या हातात त्यानंतरचं सगळं आहे, आणि तिथली गळती बोलून दाखवायला अवघड, कारण ती एका घटनेत दिसत नाही. कोणी दार लावत नाही, कोणी वाईट वागत नाही. उलट बहुतेक वेळा कौतुकच होतं.

माझं झालं ते सांगते. नोकरीचं चौथं वर्ष, डेटाबेसच्या कामात मी रमलेली. मॅनेजरने बोलावून म्हटलं, "तुझं बोलणं छान आहे, ग्राहकाशी समन्वय तू बघ." मी खूश. सहा महिने म्हणता म्हणता दोन वर्षं झाली. मी तक्ते भरले, रुसवे काढले, दोन टीममध्ये निरोपांची ने-आण केली, प्रोजेक्ट वेळेत गेला. प्रमोशनच्या वेळी तोच मॅनेजर म्हणाला, "काम उत्तमच आहे, पण टेक्निकल खोली जरा कमी पडते." खोली कमी पडत होती ते खरंच होतं. तिथून मला त्यानेच वर ओढून काढलं होतं! कोडवर परतायला मला नोकरी बदलावी लागली आणि मुलाखतीत माझ्याहून सहा वर्षांनी लहान मुलाने मला बायनरी ट्री म्हणजे काय, हा नवख्यांना विचारायचा प्रश्न विचारला.

या प्रकारच्या कामाला हल्ली 'ग्लू वर्क' म्हणतात: टीम चिकटवून ठेवणारं, सगळ्यांना हवं असलेलं आणि कोणाच्याच अप्रेझलमध्ये न धरलेलं काम. ते बायकांकडे का जातं, यावर २०१७ साली अर्थशास्त्रज्ञ लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी प्रयोग प्रसिद्ध केले. कोणीतरी करायलाच हवं, पण करणाऱ्याला फायदा नाही, असं काम समोर ठेवलं तर मिश्र गटात बायका पुरुषांपेक्षा बऱ्याच जास्त वेळा पुढे येतात. त्यांना ते काम विचारलंही जास्त वेळा जातं, आणि विचारणारा पुरुष असो की बाई, फरक पडत नाही. हे वाचून मला वर्षभरापूर्वीची ती मीटिंग आठवली. मात्र त्यातली मजेची गोष्ट पुढे आहे: गटात फक्त पुरुष असले, की तेही तितकेच पुढे येतात. म्हणजे काम त्यांना येत नाही असं नाही. बाई खोलीत असली की ते थांबून राहतात, कारण ती करेल हे सगळ्यांनाच, तिच्यासकट, माहीत असतं.

यावर तुमचं उत्तर मला पाठ आहे. "आम्ही फक्त गुणवत्ता बघतो." बघत असाल, पण गुणवत्ता दिसते ती दिलेल्या कामातून. जिला दोन वर्षांत एकही नवं डिझाइन मिळालं नाही, तिची डिझाइनची गुणवत्ता तुम्ही कुठे पाहिली? ॲमेझॉनने मागच्या दशकात अर्ज चाळणारं एक सॉफ्टवेअर बनवून पाहिलं होतं, त्याची बातमी २०१८ साली बाहेर आली. दहा वर्षांचे जुने अर्ज त्याला शिकायला दिले होते, आणि ते बहुतांश पुरुषांचे होते. ते इतकं छान शिकलं, की अर्जात 'महिला' असा शब्द आला, उदाहरणार्थ महिला बुद्धिबळ क्लबची कप्तान, तर गुण कापू लागलं. कंपनीने ते गुंडाळलं. यंत्राला कुणाबद्दल आकस असायचं कारण नव्हतं. त्याने आपलीच जुनी वही आपल्याला वाचून दाखवली.

कोड रिव्ह्यूचं, म्हणजे एकाचा कोड दुसऱ्याने तपासण्याचंही तसंच. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरच्या पुल रिक्वेस्टचा, म्हणजे 'माझा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या' अशा विनंत्यांचा, एक मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात बायकांचे बदल एकूणात पुरुषांपेक्षा थोडे जास्तच स्वीकारले गेले होते. पण प्रोजेक्टला अनोळखी असलेल्या आणि प्रोफाइलवरून बाई आहे हे कळणाऱ्यांचं प्रमाण खाली आलं होतं. तुमच्या टीममध्ये नावं झाकता येणार नाहीत, मान्य. कुणाची रिक्वेस्ट किती दिवस पडून राहते, एवढं तर पाहता येईल.

आणि अप्रेझलमधली भाषा. 'फटकळ', 'जरा सौम्यपणे घ्यायला हवं', 'लोकांना दुखावते'. एकाच आठवड्यात एका पुरुषाने आणि एका बाईने तेच डिझाइन खोडून काढल्याचं मी पाहिलं आहे. त्याच्या नावापुढे 'ठाम मतं' आलं. तिच्या नावापुढे काय आलं असेल ते तुम्ही ओळखलंत. पुढच्या वेळी अशी ओळ लिहाल तेव्हा त्या जागी एखाद्या पुरुष सहकाऱ्याचं नाव घालून मोठ्याने वाचा. हसू आलं तर खोडा.

बाळंतपणाच्या रजेवरून परतणाऱ्या बाईबद्दल फार काही लिहीत नाही, कारण तिथे बहुतेक मॅनेजर मनाने चांगले असतात आणि घोळ नेमका त्यातूनच होतो. 'तिला सध्या हलकंच देऊ', 'ऑन-कॉलमधून (रात्री-अपरात्री बिघाड सोडवायच्या पाळीतून) काढू'. तिला विचारलंत का? एखादीला खरंच हलकं हवं असतं. एखादीला सहा महिने बाळाशी बोलून झाल्यावर मेमरी लीकसारखी (प्रोग्रॅम हळूहळू सगळी मेमरी खातो तशी) अवघड चूक शोधायची जबर भूक लागलेली असते. हाच प्रश्न नव्याने बाप झालेल्याला विचारलात तर आणखी बरं. आणि 'तेवढ्यात टेक्नॉलॉजी केवढी बदलली' ही भीती कुणाला घालू नका. फ्रेमवर्कची नवी आवृत्ती तीन आठवड्यांत शिकून होते. सिस्टिम का कोसळते हे कळायला दहा वर्षं लागतात, आणि ती दहा तिच्याकडे आहेत.

एक कबूल करायला हवं. काही जणींना समन्वयाचं काम मनापासून आवडतं आणि त्या ते अप्रतिम करतात. त्यांना जबरदस्तीने कोडकडे ढकलायचं काही कारण नाही. मग त्या कामाला प्रमोशनमध्ये जागा द्या, स्पष्ट शब्दांत, लेखी. टीमला ज्याच्यावाचून चालत नाही ते काम मोजताना मात्र दिसत नाही, हे कुठलं इंजिनीअरिंग?

मागणी फार मोठी नाही. एक तक्ता बनवा. गेल्या सहा महिन्यांत कुठल्या नव्या गोष्टीचं डिझाइन कोणाच्या नावावर होतं, प्रॉडक्शनमधली, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सिस्टिममधली, मोठी आग कोणी विझवली, वरिष्ठांपुढे डेमो कोणी दिला, नवीन माणसांना कोणी शिकवलं, मिनिट्स कोणी लिहिल्या, निरोपसमारंभाची वर्गणी कोणी गोळा केली. अर्ध्या तासाचं काम आहे. कुणाला दाखवू नका हवं तर. फक्त हा तक्ता भरायला टीममधल्या बाईला सांगू नका.

मी बनवला. सात जणांत दोघी, आणि शिकवणं, मिनिट्स, तक्ते यांचे जवळपास सगळे चौकोन त्या दोघींच्या नावाने भरलेले. वाटप करणारी मी. दोन दिवस तो तक्ता मी उघडलाच नाही.

मग मिनिट्सच्या पाळ्या लावल्या, नावाच्या अक्षरक्रमाने, मी धरून. पहिल्या महिन्यात एका गृहस्थांनी इतक्या भयंकर मिनिट्स लिहिल्या, की कोणीतरी म्हणालंच, 'हे तिलाच देऊ, तिचं छान होतं.' ही युक्ती घरोघरी चालते, तुम्हाला सांगायला नको. मी पाळी बदलली नाही. पाचव्या खेपेला त्यांच्या मिनिट्स वाचण्याजोग्या झाल्या, आणि हल्ली तर ते इतरांच्या मिनिट्समधल्या चुका काढतात.

आणि त्या पहिल्या मीटिंगमधलं मॉड्यूल, तेव्हा मिनिट्स घेणाऱ्या तिलाच दिलं. गेल्या महिन्यात तिच्या एका बदलामुळे सिस्टिम ४० मिनिटं बंद पडली. वरून फोन आला: "काम जरा अनुभवी माणसाकडे द्यायचं का?" मी हो म्हणणारच होते. मग मागच्या पाच वर्षांत आमच्याकडे सिस्टिम कोणी कोणी पाडली ते आठवून पाहिलं. चार जण, चौघेही पुरुष, त्यातले दोघे त्यानंतर सिनिअर झाले, आणि कुणाच्याही हातचं काम मी काढून घेतलं नव्हतं. फोनवर मी ती चार नावं सांगितली. पलीकडे थोडा वेळ शांतता होती, मग विषय बदलला. मॉड्यूल तिच्याकडेच आहे.

पत्र इथेच थांबवते. उद्या सकाळी तिच्या नव्या डिझाइनचा रिव्ह्यू आहे आणि मिनिट्सची पाळी माझी आहे.

कळावे,
आपली,
एक टीम लीड